शेलार सरांनी पुस्तक वाचलं

आमचे शेलार सर भाजी घेतानासुद्धा डिक्टेशन देतात. "मेथी एक जुडी, कॉमा, कोथिंबीर एक, कॉमा, मिरची पाव किलो, ब्रॅकेटमध्ये कमी तिखट, ब्रॅकेट बंद, फुलस्टॉप." नगरकडच्या आमच्या कर्जतच्या आठवडी बाजारात एखादा नवा भाजीवाला असला तर तो आधी सरांकडं बघतो, मग शेजारच्या गाळ्याकडं बघतो. शेजारचा सांगतो, "कॉलेजचे सर हायेत. फुलस्टॉप येईपर्यंत तराजू उचलायचा न्हाई."

माझ्या आजोबांच्या दहाव्याला सर श्रद्धांजलीला उभे राहिले. "दादा गेले, फुलस्टॉप. दादा म्हणजे, कॉमा, आमच्या गल्लीचा आधार, फुलस्टॉप. नवा परिच्छेद." मागं बसलेल्या दोन माजी विद्यार्थ्यांचे हात सवयीनं खिशातल्या पेनाकडं गेले. मी पाहिलंय. त्यातला एक आता पोलीस आहे.

एकोणतीस वर्षं सरांनी आमच्याकडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं. शिकवलं म्हणजे त्यांनी सांगितलं आणि आम्ही उतरवलं. काखेतली पिवळी पडलेली वही टेबलावर ठेवायची, खिडकीतून बाहेरच्या बोरीकडं तोंड करायचं आणि सुरू. वही उघडायची गरज त्यांना कधी पडली नाही. म्हाताऱ्याच्या हातात काठी असते तशी ती वही असायची, चालता येत असलं तरी सोबतीला. मध्येच एखाद्या शहाण्यानं शंका विचारलीच तर सर बोरीवरची नजर न काढता म्हणायचे, "खोलात जाऊ नका. खोलात गेलेला वर येत नाही. परीक्षेला एवढंच येतंय."

मी त्यांच्या शेवटच्या बॅचचा. इंग्रजी आलं नाही, पण शेलार सर आले. म्हणजे त्यांचा आवाज, त्यांचं ते मान तिरकी करून बोरीशी बोलणं, कॉमाला उचललेली भुवई आणि फुलस्टॉपला मिटलेले डोळे. स्नेहसंमेलनात मी त्यांची नक्कल केली तेव्हा पहिल्या रांगेत बसून सर स्वतः हसले. पुढं मी लग्नांत, बारशांत, सत्कारात माईक धरायला लागलो, आणि कुठंही गेलो तरी मागून एक आवाज येतोच, "शेलार सर होऊन जाऊ द्या." अख्ख्या तालुक्यात त्यांचे विद्यार्थी. माझं पोट त्यांच्या विरामचिन्हांवर चालतं म्हटलं तरी चालेल.

आता खरी गोष्ट. दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक इंग्रजी कादंबरी होती. जुनी, जाडजूड, घाबरवणारी आणि तरी प्रेमाची. समुद्रकाठचा पडका किल्ला, त्यात एक आंधळी म्हातारी सरदारीण, तिचा घुम्या पुतण्या, आणि म्हातारीला वाचून दाखवायला नोकरीवर आलेली एक अनाथ पोरगी. किल्ल्याच्या पश्चिमेच्या बुरुजावर कुलूपबंद खोली, आणि त्या खोलीत रोज संध्याकाळी आपोआप दिवा लागतो. पुस्तकाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर कुठं कुठं पेपर तपासलेली माणसं उगीच अस्वस्थ होतील.

कारण सरांच्या नोट्समध्ये तो दिवा भूत लावायचं. समुद्रात बुडून मेलेल्या मुलाचं भूत. "द लॅम्प इज लिट बाय द घोस्ट, कॉमा, अँड इट स्टँड्स फॉर ईव्हिल, फुलस्टॉप, अंडरलाईन." एकोणतीस बॅचनी हे उतरवलं. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्यानं त्याचं स्पायरल करून विकलं. पेपर तपासणाऱ्यांकडंही अशाच कुठल्या तरी नोट्स असणार, कारण भूत लिहिलं की मार्क पडायचे. मीही भूतच लिहिलं. मला वीसपैकी सतरा होते.

आणि सगळ्या कॉलेजला एक गोष्ट माहीत होती. सरांनी ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. कधीच नाही. नोकरीला लागले तेव्हा अभ्यासक्रमात ते आधीच होतं आणि शिकवायला चार दिवस होते. एका वयस्कर सरांनी आपली वही दिली, यांनी ती उतरवून घेतली. पुढच्या वर्षी वाचू म्हणाले. अशी पुढची वर्षं एकोणतीस आली आणि मग निरोप समारंभ आला.

मागल्या वर्षी कॉलेजच्या लायब्ररीनं जुनी पुस्तकं रद्दीत काढली. मी भंगारवाल्याकडं स्पीकरची वायर शोधायला गेलो होतो, तर ढिगात वर हेच पुस्तक. कॉलेजचा शिक्का, कोपरा वाळवीनं खाल्लेला. माझ्या डोक्यात लगेच कार्यक्रम तयार झाला. गुरुपौर्णिमेला आम्ही दहा-बारा जण सरांच्या घरी जातो. मी पुस्तक चमकी कागदात गुंडाळलं, वर रिबीन लावली, सरांच्या पाया पडलो आणि सरांच्याच आवाजात म्हणालो, "सर, कॉमा, आता तरी वाचा, फुलस्टॉप."

सगळे लोळून हसले. सरांनी कागद काढला, पुस्तक पाहिलं आणि "थँक यू, कॉमा," म्हणाले.  मला वाटलं, जोक बसला. जोक बसला की मी पुढं बघत नाही, ही माझी जुनी खोड.

आमची आणि सरांची भिंत एक आहे. चार-पाच दिवसांनी दुपारचा चहा झाल्यावर मी मागच्या अंगणात माईक पुसत बसलो होतो. भिंतीपलीकडून सरांचा आवाज आला. वाचत होते. इंग्रजी ओळ मनात, मराठी तोंडात, असं थांबत थांबत. ऐकायला काकू, म्हणजे सरांची बायको.

काकूंची साखर जुनी आहे. तिनं डोळे नेलेत. डाव्यानं काहीच नाही, उजव्यानं नुसता उजेड कळतो. महिन्यातून एकदा सर त्यांना नगरला डोळ्यांच्या दवाखान्यात नेतात. टीव्ही ऐकून काकू कंटाळल्या होत्या, मालिकेतल्या सगळ्या बायका एकाच आवाजात रडतात म्हणायच्या. म्हणून सरांनी हे काढलं होतं. निदान त्यांनी मला तसं सांगितलं. मला वाटतं, एकट्यानं वाचायची त्यांना भीती वाटत होती.

सरांनी काकूंसाठी सगळ्यांची नावं बदलली होती. पोरगी अंजना झाली, पुतण्या नुसता जहागीरदार. किल्ला खर्ड्याच्या किल्ल्यासारखा, पण खाली पाणी. समुद्र काकूंनी कधी बघितला नाही, तर सर म्हणाले, सीना धरण समज, फक्त पलीकडचा काठ दिसत नाही.

"मंग लोक जातात कशाला तितं राहायला?" काकूंनी विचारलं.

जहागीरदार काळ्या घोड्यावरून आला आणि अंजनाकडं न बघताच गेला, तेव्हा काकूंनी जाहीर करून टाकलं की ह्याचं हिच्यावर मन हाय. सर म्हणाले, अजून तसं काही लिहिलेलं नाही. काकू म्हणाल्या, "लिहायला कशाला पायजे. तुमीबी लग्नाआधी आमच्या दारावरनं असंच जायचा. सायकलवरनं."

मी भिंतीला टेकून हसू दाबत होतो. पण खरं सांगतो, तिसऱ्या दिवसापासून मी चहाचा कप घेऊन आधीच येऊन बसायला लागलो. सर बदलत चालले होते. सुरुवातीला कॉमा-फुलस्टॉप म्हणत वाचायचे. मग कुलुपाची किल्ली म्हातारीच्या उशीखाली सापडली त्या दिवशी एकही कॉमा आला नाही. धडा संपला तर काकू म्हणाल्या, अजून थोडं. आणि सर, ज्यांनी एकोणतीस वर्षं घंटा व्हायच्या आधी वही काखेत मारली, ते म्हणाले, मलाही राहवत नाहीये. एकदा भाजीवाल्यासमोर पिशवी घेऊन उभे होते आणि मला म्हणाले, "अरे, काय लिहिलंय त्या बाईनं. वारा सुटतो ना किल्ल्यावर, तर पान धरून ठेवावंसं वाटतं." सदुसष्टाव्या वर्षी माणूस असा बोलायला लागला की बघणाऱ्याला लाज वाटते. का वाटते, ते मला त्या दिवशी कळलं नाही.

मग दिव्याचा प्रसंग आला. अंजना संध्याकाळी आवारात उभी आहे आणि पश्चिमेच्या बुरुजावर दिवा लागतो. सरांनी वाचायचं थांबून काकूंना नोट सांगितली. हे भूत आहे, याचा अर्थ दुष्ट शक्ती.

काकू म्हणाल्या, "भूत कशाला लावंल? म्हातारीच लावती."

"ती आंधळी आहे."

"म्हनून काय झालं. आपल्याला दिसावं म्हनून दिवा लावत न्हाई कुनी. पोरगं पान्यातनं येईल, त्याला दिसावा म्हनून लावती ती. मला दिसत न्हाई, तरी तिन्हीसांजेला मी देवापुढं लावतेच ना?"

भिंतीपलीकडं कागद सळसळले. मला वाटलं, सर पुढची पानं चाळतायत. तसंच होतं. बराच वेळ कागदाचा आवाज आला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी मला हाक मारली. पुस्तक मांडीवर होतं. म्हणाले, म्हातारीच लावते. तीन धडे पुढं सरळ लिहिलंय, शाळेतल्या पोरालाही कळेल इतकं सरळ. मी म्हणालो, जाऊ द्या सर, झालं ते झालं, भुताचं कोण आता कोर्टात जातंय. मला वाटलं हसतील. त्यांनी पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. आत लायब्ररीचा खिसा, खिशात कार्ड. पुस्तक कुणी कुणी नेलं ते त्यावर लिहितात. इतक्या वर्षांत त्यावर एकच ओळ होती. कु. सुनंदा साळवे, द्वितीय वर्ष कला.

"हिनं लिहिलं होतं, म्हातारी लावते म्हणून," सर म्हणाले.

मग जे सांगितलं ते मी त्यांच्या आवाजात करून दाखवू शकणार नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. चाचणीत सुनंदानं नोट्स सोडून उत्तर लिहिलं. सरांनी तिला वर्गात उभं केलं आणि तेच उत्तर मोठ्यानं वाचायला लावलं. वस्तीवरची पोरगी, इंग्रजी पहिल्यांदाच सगळ्यांसमोर तोंडातून काढत होती. ती एक ओळ वाचायची आणि सर तीच ओळ तिच्या आवाजात, तिच्या हेलात परत म्हणायचे. वर्ग हसत होता. सरांना चेव आला. कुठून उचललंस, विचारलं. ती म्हणाली, लायब्ररीतून पुस्तक नेऊन वाचलं. सर म्हणाले, तुमच्याकडं कधीपासून असली पुस्तकं वाचायला लागले? वर्ग आणखी हसला. वीसपैकी दोन मार्क.

"तुमच्याकडं म्हणालो होतो मी," सर म्हणाले. आणि पुन्हा एकदा तेच म्हणाले.

आमच्या भागात त्या शब्दाचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. साळवे आडनाव, घर बौद्धवाड्यात. मला समजलं. सरांना तेव्हाही समजत होतं.

मी विचारलं, तुम्हाला कसं वाटलं की तिनं कॉपी केली? सर म्हणाले, कॉपी नाही वाटली रे. तिनं खरंच वाचलंय हे पहिल्या ओळीत कळलं मला. मी पुस्तक उघडून बघितलं असतं तर ती बरोबर निघाली असती. म्हणून तर.

आत काकू ऐकत होत्या. त्यांनी तिथूनच सांगितलं, "त्या पोरीला भेटून सांगा. तवर मला पुढचं ऐकायचं न्हाई." शेवटचा एक धडा राहिला होता. जहागीरदार आणि अंजना होडीत, धुकं पडलेलं, आणि काकूंनी संप पुकारला. सरांनी दोनदा विनवलं. काकू भिंतीकडं तोंड करून बसल्या. सर एकट्यानंही वाचू शकले असते. वाचलं नाही.

सुनंदा साळवे शोधायला मला एक सकाळ लागली. झेरॉक्सवाल्याच्या फोनमध्ये सगळ्या जुन्या बॅचचे ग्रुप आहेत. सासरचं आडनाव भालेराव. त्या घटनेनंतर तिनं इंग्रजी सोडलं, इतिहास घेऊन बीए केलं. एसटीत कंडक्टर आहे. कर्जत डेपो, सकाळची नगर गाडी.

सरांना सांगितलं तेव्हा ते ताडकन उठले आणि परत बसले. तीच गाडी. काकूंना घेऊन दर महिन्याला जातात ती. दोन वर्षं झाली, कंडक्टर बाई काकूंसाठी पुढचं सीट धरून ठेवते, हाताला धरून चढवते, नगरला माळीवाड्याच्या स्टँडवर उतरवते. सर दर वेळी तिला म्हणतात, "दोन अर्धी नगर, कॉमा, सुटे आहेत, फुलस्टॉप." तिनं एकदाही ओळख दिली नव्हती. यांनी एकदाही तोंडाकडं बघितलं नव्हतं.

पुढच्या फेरीला मलाही सोबत यायला सांगितलं. मी का, तर म्हणे तुला माणसांसमोर बोलायची सवय आहे. 

स्टँडवर गाडी लागली होती. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिशात घडी केलेला कागद होता. माफीची नोट काढली होती त्यांनी. मुद्दे पाडून. सुनंदाताई दारात तिकिटाचं मशीन घेऊन उभ्या होत्या. खाकी साडी, चष्मा, पायात स्पोर्ट शूज. त्यांनी काकूंना नेहमीसारखं धरून चढवलं, बसवलं. सर खालीच थांबले. कागद उघडला.

"कुमारी सुनंदा साळवे, कॉमा," त्यांनी सुरुवात केली.

सुनंदाताईंनी चष्म्यावरून बघितलं. "भालेराव. आणि सर, गाडीला पाच मिनिटं आहेत."

सरांनी कागदाकडं बघितलं, मग तो मिटला. "दिवा म्हातारी लावते," ते म्हणाले. "तुझं उत्तर बरोबर होतं."

"मला माहितीय."

"मी तेव्हा..."

"तुम्ही वाचलं नव्हतं. तेही माहीत होतं, सर. सगळ्या वर्गाला माहीत होतं." त्यांनी एका म्हाताऱ्या बाबांना चढायला वाट दिली. आवाज जराही वाढला नव्हता. "मार्कांचं मला काही नाही. दोन काय, वीस काय. तुम्ही माझा आवाज काढलात. त्यानंतर वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही. मैत्रिणीसुद्धा तसंच बोलून दाखवायच्या, चिडवायला. आता दिवसभर ओरडते, ते वेगळं."

सरांनी कागद खिशात घातला.  मग त्या माझ्याकडं वळल्या.

"हा तुमचा आवाज काढतो ना? माझ्या पुतण्याच्या लग्नात काढला होता यानं. मी पण हसले, पोटभर हसले."

माझ्याकडं प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. घरचे त्यामुळं वैतागलेत. त्या दिवशी मी सरांची पिशवी उचलून गाडीत ठेवली.

आतून काकूंनी हाक दिली, "पोरी, शेवटी काय हुतं गं? अंजना वाचती का?"

"माहीत नाही काकू," सुनंदाताई म्हणाल्या. "शेवटचा धडा राहिला होता. त्याच दिवशी पुस्तक देऊन टाकलं मी." आणि त्यांनी आम्हा दोघांना आत घेऊन दोरी ओढली. दोन घंटा झाल्या, गाडी निघाली.

सर काकूंशेजारी बसले, मी मागच्या सीटवर. सुनंदाताई तिकिटं फाडत मागं मागं गेल्या. मिरजगावला गाडी गच्च भरली. कॉलेजची पोरं, दुधाच्या किटल्या, एक बाई कोंबडी पिशवीत घेऊन. सुनंदाताई आता पार शेवटच्या सीटपाशी होत्या.

सरांनी पिशवीतून पुस्तक काढलं. शेवटचा धडा उघडला आणि वाचायला लागले. मोठ्यानं. इतक्या मोठ्यानं की पुढचा ड्रायव्हर आरशातून बघायला लागला. धुकं इतकं की होडीतल्या दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. वल्हं तुटलंय. अंजना म्हणते, आता खोलात आलो आपण.

काकू म्हणाल्या, "अवो, मी आंधळी हाय, भैरी न्हाई."

सरांनी आवाज कमी केला नाही. गाडी खड्ड्यातून चालली होती, खिडक्या खडखडत होत्या, कोंबडी ओरडत होती, एका पोराच्या मोबाईलवर गाणं लागलं होतं. सर शिरा ताणून वाचत होते. कॉलेजच्या पोरांना गंमत वाटली. एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं आणि सरांसारखी मान तिरकी करून दाखवली. चांगली केली त्यानं. पोरात कला होती.

मी दोनदा मागं वळून बघितलं. एकदा सुनंदाताई सुटे मोजत होत्या. एकदा खिडकीबाहेर बघत होत्या. ऐकू जात होतं का, मला खरंच सांगता येणार नाही.

पुस्तकात शेवटी असं होतं. धुक्यात दोघांना बुरुजावरचा दिवा दिसतो आणि त्याच्या रोखानं होडी काठाला लागते. वर जाऊन बघतात तर म्हातारी दिव्याशेजारी मरून पडलेली. पोराची वाट बघत लावलेला दिवा भलत्याच्याच उपयोगी पडला आणि ते तिला कळलंसुद्धा नाही. सरांचा आवाज तोवर पूर्ण बसला होता. शेवटचं पान त्यांनी नुसतं ओठांनी वाचलं. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. म्हणाल्या, कळलं असतं तर बरं झालं असतं म्हातारीला.

माळीवाड्याला सगळे उतरले. सुनंदाताईंनी काकूंचा हात धरून खाली घेतलं, काठी हातात दिली. सर शेवटी उतरले. त्यांनी पुस्तक पुढं केलं. बोलता येत नव्हतं, नुसतं पुढं केलं.

सुनंदाताईंनी ते बघितलं. हात मशीनवरच ठेवला.

"एकदा निघालं होतं ते माझ्या नावावर, सर," त्या म्हणाल्या. "मी परत जमा केलंय."

आणि कंट्रोलरच्या खिडकीकडं निघून गेल्या. रागानं नाही. त्यांना सही करायची होती, परतीची वेळ झाली होती.

हे सगळं झाल्यावर मी सरांची नक्कल सोडली असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. सोडलेली नाही. आत्ताच राशीनला एका सत्कारात केली, लोकांनी दोनदा करायला लावली. फक्त सुनंदाताईंचं ऐकल्यापासून हसणाऱ्यांत न हसणारं एखादं तोंड आहे का, ते मी आधी शोधतो. असतं एखादं. मग मी दुसरीकडं बघून पुढचा कॉमा घेतो.

त्या दिवशी दवाखान्यात फार वेळ गेला. डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्याचा उजेडही फार दिवस टिकणार नाही. काकूंनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, परतीची गाडी किती वाजता.

परतीची गाडी दुसरी होती. कंडक्टर एक तरुण पोरगा, कानात वायर घातलेला. दुपारची वेळ, गाडी जवळजवळ रिकामी. आम्ही तिघं पुढं, मध्ये एक-दोन माणसं झोपलेली, मागची सगळी सीटं मोकळी. सर खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बोरी नव्हती, नुसतं माळरान.

रुईछत्तिशीच्या पुढं काकू म्हणाल्या, "वाचा की."

"संपलं ते."

"मग पहिल्यापासनं वाचा. मला कुठं पाठ झालंय."

सरांनी पुस्तक काढलं. पहिलं पान उघडलं. बसलेला घसा दोनदा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली. सकाळच्याइतक्याच मोठ्यानं. मध्ये झोपलेला एक जण दचकून उठला, सरांकडं बघितलं, आणि कूस बदलून परत झोपला.

काकूंनी या वेळी आवाज कमी करायला सांगितलं नाही. मी मागं वळून बघितलं. शेवटच्या सीटवर कुणीच नव्हतं.